पाळीच्या दिवसांत शौचाला जीव जातो: आधी कोलोनोस्कोपी, एमआरआय की थेट दुर्बीण?

सात_रस्ता (धागाकर्ती)

नमस्कार. पाच वर्षं इथं नुसती वाचत आले, आज पहिल्यांदा लिहितेय. येत्या दहा-पंधरा दिवसांत एक निर्णय घ्यायचाय आणि डोकं चालेनासं झालंय.

वय ३४, सोलापुरातच राहते, शाळेत शिकवते. मुलगा सात वर्षांचा. पाळी पहिल्यापासून दुखरीच. आईचीही तशीच होती, त्यामुळे कुणी मनावर घेतलं नाही, मीही नाही. गेल्या तीन वर्षांत मात्र दुखण्याची तऱ्हा बदलली. पाळीच्या दोन दिवस आधी पोट टम्म फुगतं, परकराची गाठ सैल करावी लागते. पाळी सुरू झाली की दिवसाला पाच-सहा वेळा पातळ होतं आणि प्रत्येक वेळी गुदद्वारातून वर सळई घातल्यासारखी कळ जाते. संडासाच्या दाराची कडी घट्ट धरून बसते मी. बाहेरून लेक विचारतो, "आई, रडतीयस का?" पाळी संपली की चार दिवस बद्धकोष्ठ, मग दोन आठवडे बरे जातात आणि पुन्हा तेच. दोनदा शौचातून रक्तही गेलं.

आधी ॲसिडिटीच्या गोळ्या झाल्या, मग आयबीएस (तपासणीत काही सापडत नाही, पण पोट सतत बिघडतं तो त्रास) म्हणून झालं. पोटावरून दोनदा सोनोग्राफी केली, दोन्ही नॉर्मल. आता पोटाच्या डॉक्टरांनी कोलोनोस्कोपी लिहून दिलीये. स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणतात एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारखं अस्तर बाहेर भलतीकडे वाढतं तो आजार) वाटतोय, थेट पोटाला छेद घेऊन दुर्बिणीनं बघू, दिसलं तर तिथंच काढून टाकू. आणि सासूबाईंचं म्हणणं, एक मूल झालंय ना, मग पिशवीच काढून टाक, कटकट मिटेल.

कशाला आधी हो म्हणू? प्रत्येकाचा खर्च वेगळा, प्रत्येकाला रजा वेगळी. कुणी यातून गेलं असेल तर सांगा, हात जोडून विनंती.

हिप्परगा

ताई, तुमचं वाचून अंगावर काटा आला, कारण त्या कडीला मीही लटकलेय.

माझी आधी कोलोनोस्कोपी झाली. रिपोर्ट स्वच्छ. तो हातात देताना सांगितलं गेलं, "आत काहीच नाही, ताण कमी घ्या." मी दोन वर्षं ताण कमी करत बसले. पुढे एमआरआयमध्ये गुदाशयाच्या वरच्या भागावर गाठ निघाली, आतड्याला बाहेरून चिकटलेली.

तेव्हा मला कुणी सांगितलं नव्हतं ते तुम्हाला सांगते. कोलोनोस्कोपीचा कॅमेरा आतड्याच्या नळीतून फिरतो आणि आतलं अस्तर बघतो. एंडोमेट्रिओसिस आतड्यात शिरतो तो बहुतेक वेळा बाहेरून. आधी वरचं आवरण, मग स्नायूचा थर, आणि अस्तरापर्यंत तो क्वचितच पोचतो. घराच्या भिंतीला बाहेरून ओल धरलीये आणि आपण आतला रंग तपासतोय, असं ते आहे. म्हणून कोलोनोस्कोपी नॉर्मल आली तरी "एंडोमेट्रिओसिस नाही" असं कुणालाही म्हणू देऊ नका.

चित्रकक्ष

मी रेडिओलॉजिस्ट आहे. तपासल्याशिवाय निदान सांगणार नाही, पण तपासण्यांबद्दल लिहू शकतो.

पोटावरून केलेल्या साध्या सोनोग्राफीत गर्भाशय आणि अंडाशय बघतात. अंडाशयात चॉकलेट सिस्ट (या आजारात होणारी जुन्या रक्ताची गाठ) असेल तर ती दिसते. गर्भाशयामागचे बंध, गुदाशयाची भिंत, आतड्यावरची लहान गाठ या गोष्टी त्यात मुद्दाम शोधल्याच जात नाहीत. तेव्हा ते दोन नॉर्मल रिपोर्ट बाजूला ठेवा.

योनीमार्गातून केलेली सोनोग्राफी, तीही हा आजार डोळ्यांसमोर ठेवून केलेली, ही वेगळीच तपासणी आहे. तीत प्रोबनं हलका दाब देऊन गर्भाशय आणि आतडं एकमेकांवरून सरकतात का ते बघतात. सरकत नसतील तर मागची जागा चिकटलेली असण्याचा दाट संशय येतो. दुखरी जागा नेमकी कुठली हेही तिथंच कळतं. ही तपासणी कशा क्रमानं करावी याची सर्वमान्य पद्धत २०१६ साली आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांच्या गटानं लिहून काढली आहे. अडचण एकच. करणाऱ्याचा हात त्यात बसलेला हवा. फोन करून सरळ विचारा, "डीप एंडोमेट्रिओसिससाठी (म्हणजे खोलवर शिरलेल्या आजारासाठी) करता का?" उत्तर चाचरत आलं तर दुसरीकडे विचारा.

एमआरआयमध्ये किरणोत्सर्ग नाही. पेल्विसचा, म्हणजे ओटीपोटाचा काढायचा, आणि चिठ्ठीवर संशय स्पष्ट लिहून घ्यायचा: शौचाच्या वेळी पाळीबरोबर येणारी कळ, आतड्याची भिंत आणि मूत्रवाहिन्या बघा. नुसतं "पोटदुखी" लिहून आलेल्या चिठ्ठीवर आम्हीही मग तेवढंच बघतो, हे खरं आहे. आधी काही तास उपाशी राहावं लागतं. आतड्याची हालचाल थांबावी म्हणून एक इंजेक्शन देतात, नाहीतर चित्र पुसट येतं. काही ठिकाणी योनीत आणि गुदाशयात जेल घालतात, त्याला घाबरू नका. पाळीतच काढला पाहिजे असं काही नाही.

रिपोर्टमध्ये गाठीची लांबी, आतड्याच्या भिंतीत ती किती खोल गेलीये, गुदद्वारापासून किती अंतरावर आहे, गाठी किती, आणि किडनीकडून येणाऱ्या नळ्या मोकळ्या आहेत का, एवढं यायला हवं. शेवटचा मुद्दा फार महत्त्वाचा. नळी दाबली जाऊन किडनी हळूहळू निकामी होते आणि दुखत काहीच नाही, असं होऊ शकतं.

पार्क_चौक

वरच्या दोघांचं पटतं, पण माझी एक कळकळीची विनंती आहे. रक्त गेलंय म्हणताय ना, मग कोलोनोस्कोपी टाळू नका.

माझ्या बहिणीला दीड वर्ष मूळव्याध म्हणून औषधं दिली. निघाला अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्याला आतून सूज आणि जखमा. शिवाय आपल्याकडे आतड्याचा टीबी आहे, क्रोन्स (आतड्याच्या सुजेचाच दुसरा आजार) आहे, आणि तरुण वयातले आतड्याचे कॅन्सरही होतात. हे सगळं पाळीशी जुळवून बघायच्या नादात सुटायला नको. एंडोमेट्रिओसिस शोधायला कोलोनोस्कोपी करायची नाही हे बरोबर, पण दुसरं काही नाही ना हे बघायला करायची. प्रश्नच वेगळा आहे.

त्याआधी एक स्वस्तातली पायरी असते, शौचाची कॅलप्रोटेक्टिन तपासणी. आतड्याच्या आत सूज आहे का याचा अंदाज त्यावरून येतो. सोबत हिमोग्लोबिन आणि सिलिॲकची (गहू न सोसण्याच्या आजाराची) रक्ततपासणी करून घ्या.

हिप्परगा

पार्क_चौक, अगदी बरोबर. माझं वाचून कुणी कोलोनोस्कोपीच नको असं समजू नये. आणि कॅलप्रोटेक्टिनचा नमुना पाळीत देऊ नका. रक्त मिसळलं की आकडा चढतो. पाळीत ज्या वेदनाशामक गोळ्या घेतो त्यांनीही चढतो. पाळी संपून, गोळ्या थांबून काही दिवस गेले की द्या. माझा पहिला आकडा याच कारणानं उगाच जास्त आला होता.

सात_रस्ता (धागाकर्ती)

तुम्ही सगळ्यांनी इतकं लिहिलंत, मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा रडले.

काल रात्री एक काम केलं. स्वयंपाकघरातल्या भिंतीवरच्या कालनिर्णयवर दुधाचा आणि गॅसचा हिशोब लिहायची सवय आहे, त्यात कुठं कुठं "पोट" असंही लिहिलेलं होतं. मागच्या आठ महिन्यांची पानं काढून बसले. वह्या तपासायचा लाल पेन आणि मुलाची निळी पेन्सिल घेतली. पाळीचे दिवस लाल केले, पोट बिघडल्याचे निळे. आठपैकी सात महिन्यांत निळं लालाच्या आधी दोन दिवस सुरू होऊन लालाबरोबरच संपतंय. भिंतीवर टांगलेलं होतं सगळं, आणि मला दिसलं नव्हतं.

पण रक्ताचं बघितलं तर दोनपैकी एकदाच पाळीत गेलंय. एकदा पाळीच्या दुसऱ्या दिवशी, आणि एकदा पाळी येऊन एकोणीस दिवस झाल्यावर. मी मात्र सगळ्या डॉक्टरांना "पाळीत रक्त जातं" असंच सांगत आले. हिमोग्लोबिन ९.४ आहे.

पार्क_चौक

तो एकोणिसावा दिवस पोटाच्या डॉक्टरांना नक्की सांगा. पानंच दाखवा.

अकलूजची_लेक

मी साठीची बाई आहे. पिशवी काढण्याच्या सल्ल्याबद्दल मला लिहायचंय.

माझी ३६ व्या वर्षी काढली. कळ हीच, शौचाला बसल्यावरची. डॉक्टर म्हणाले मूळ काढलं की दुखणं जाईल, घरचे म्हणाले दोन मुलं झालीत आता पिशवीचं काय काम. पिशवी गेली. कळ गेली नाही. अंडाशय ठेवले होते आणि आतड्यावरचं होतं ते तिथंच राहिलं. हे मला कळलं पुढं नऊ वर्षांनी.

आमच्या उसाच्या पट्ट्यात पिशव्या काढलेल्या बायका घराघरात दिसतात. बीडच्या ऊसतोड बायकांचं प्रकरण २०१९ साली विधिमंडळात गाजलं, सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. कारण एकच, बाईच्या ओटीपोटातल्या प्रत्येक दुखण्याला एकच उत्तर. गर्भाशयाचाच आजार असेल आणि बाईला पूर्ण समजून हवं असेल तर काढावी, मी कुणाला अडवत नाही. पण आतड्यावर काय आहे ते बघितल्याशिवाय पिशवी काढणं म्हणजे गळतं छप्पर सोडून अंगण खणणं. सासूबाईंना राग येऊ न देता सांगा. त्यांनीही अशाच कळा मुकाट्यानं काढल्या असतील.

उजनी

दुर्बिणीबद्दल लिहिते, कारण माझं नेमकं तुमच्या डॉक्टरांनी सांगितलं तसंच झालं.

"आत जाऊन बघू, दिसलं तर काढू." आधी एमआरआय नाही, काही नाही. पूर्ण भूल दिली, बेंबीजवळ एक आणि खाली दोन छेद घेतले, पोटात गॅस भरला. शुद्धीवर आले तेव्हा नवऱ्याचा चेहराच सांगत होता. गर्भाशय, डावा अंडाशय आणि आतडं एकमेकांना इतके चिकटले होते की मागची जागाच दिसेना. आतड्याला हात लावणारे सर्जन तिथं नव्हते. एक तुकडा तपासायला काढला आणि टाके घातले. एंडोमेट्रिओसिस आहे हे तुकड्यावरून पक्कं झालं, पण आजार होता तिथंच राहिला. अकरा महिन्यांनी पुण्यात दुसऱ्यांदा टेबलावर झोपले. या वेळी स्त्रीरोगतज्ज्ञ आणि आतड्याचे सर्जन दोघंही होते. तीच भूल, तेच छेद, खर्च तिप्पट.

म्हणून सही करायच्या आधी विचारा. आतड्यावर सापडलं तर कोण काढणार आणि ते त्या दिवशी तिथं असणार का? नुसतं वरवर खरवडणार, चकतीएवढा भाग काढणार, की आतड्याचा तुकडा काढून जोडणार? शौच बाहेर घ्यायला पोटावर तात्पुरती पिशवी लावायची वेळ येऊ शकते का? हे मी विचारलं नाही, मला कुणी सांगितलंही नाही. दोष कुणाला देत बसणार? पण तुम्ही विचारा.

चित्रकक्ष

उजनी यांनी लिहिलं तेच माझ्या क्षेत्राचं मोठं कारण आहे. शस्त्रक्रियेआधी नकाशा हवा. एकेकाळी दुर्बीण घातल्याशिवाय या आजाराचं निदानच होत नाही असं मानत. युरोपातल्या एश्रे या संस्थेनं २०२२ च्या मार्गदर्शनात ते बदललं. आता दुर्बीण कधी, तर चित्रांमध्ये काही दिसत नाही किंवा औषधानं उपयोग झाला नाही तेव्हा. लक्षणं जुळत असतील तर दुर्बिणीशिवाय औषध सुरू करून बघता येतं.

दुसरी बाजूही सांगतो. पोटाच्या आतल्या पातळ आवरणावरचे वरवरचे ठिपके सोनोग्राफीत आणि एमआरआयमध्ये बहुधा दिसत नाहीत. त्यामुळे एमआरआय स्वच्छ आला म्हणजे आजार नाहीच असं म्हणता येत नाही. आणि दुखणं किती, यावरून आजार किती हे ठरत नाही. थोडासा आजार असून लोळणाऱ्या मुली बघितल्यात, आणि सगळं पोट चिकटलेलं असून फक्त मूल होत नाही म्हणून आलेल्याही.

माचणूर

सीए-१२५ ही रक्ततपासणी कुणी सुचवली नाही? माझ्या वहिनीला तेवढ्यावरच सांगितलं होतं. आणि माझ्या बहिणीला असाच त्रास आहे, २२ वर्षांची, लग्न झालेलं नाही. तिचं काय करायचं?

चित्रकक्ष

सीए-१२५ वरून हे निदान करू नये, असं त्याच मार्गदर्शनात आहे. तो पाळीतही वाढतो, इतर कारणांनीही वाढतो, आणि आजार असून नॉर्मलही येतो. पैसे वाचवा.

बहिणीसाठी योनीमार्गातून तपासणीचा आग्रह कुणी धरणार नाही, आणि तिची इच्छा नसेल तर धरूही नये. एमआरआय हा चांगला मार्ग. काही ठिकाणी गुदमार्गातून सोनोग्राफी करतात, तीही तिला नीट समजावून, तिच्या संमतीनं. "लग्न झालं की बरं होईल" हे मात्र घरात कुणी म्हणालं तर तिथंच थांबवा.

भीमाकाठ

मी पुरुष आहे, बायकोसाठी हा धागा वाचतोय. एवढंच सांगतो, डॉक्टरांकडे नवऱ्यानं सोबत आत जावं. माझी बायको बाहेर मला जे सांगायची त्यातलं निम्मं आत बोलायचीच नाही, शौचाचं तर अजिबातच नाही. "संबंधाच्या वेळीही दुखतं" हे मी सांगितलं, तेव्हा डॉक्टरांनी पेन खाली ठेवून नीट ऐकलं.

खर्चाचं म्हणाल तर शासकीय योजनेच्या यादीतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेला असतो. शस्त्रक्रियेची तारीख घ्यायच्या आधी रेशनकार्ड घेऊन त्याला भेटा, नंतर नाही. आपल्या सिव्हिलमध्येही स्त्रीरोग आणि सर्जरी दोन्ही विभाग एकाच आवारात आहेत, तिथं विचारायला संकोच करू नका.

हिप्परगा

ताई, एक राहिलं. मध्येच कधी पोट फुगून घट्ट झालं, उलट्या व्हायला लागल्या आणि शौच तर नाहीच, वारासुद्धा सरेना, तर कुठल्याही तपासणीची वाट न बघता रात्री-अपरात्री कॅज्युअल्टीत जा. गाठ आतडं आवळू शकते.

सात_रस्ता (धागाकर्ती)

सहा आठवड्यांनी धागा वर काढतेय. विपुमध्ये (विचारपुशीत) बऱ्याच जणींनी विचारलं, म्हणून सविस्तर लिहिते.

दोन्ही डॉक्टरांना कालनिर्णयची पानं दाखवली. पोटाच्या डॉक्टरांनी एकोणिसाव्या दिवसावर बोट ठेवलं आणि म्हणाले कोलोनोस्कोपी करूच, पण हिच्यावरून एंडोमेट्रिओसिस आहे-नाही ठरवणार नाही. हे वाक्य त्यांच्याच तोंडून ऐकलं आणि हलकं वाटलं. कॅलप्रोटेक्टिन आधी केलं, पाळी संपून आठ दिवसांनी, गोळ्या बंद असताना. नॉर्मल आलं.

कोलोनोस्कोपीची तारीख मी पाणी यायचा दिवस बघून घेतली. आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, आणि पोट साफ करायची ती पावडर घेतल्यावर रात्रभर किती बादल्या लागतात ते सांगायला नको. पिंप, हंडे, बादल्या सगळं भरून ठेवलं. दोन दिवस भाकरी, शेंगाचटणी, पालेभाजी बंद, मऊ भात आणि ताकावर राहिले. आदल्या दिवशी नुसतं पातळ. ते औषधाचं पाणी गार करून घोट घोट घेतलं तर जातं पोटात. खरी तपासणी झोपेच्या इंजेक्शनमुळे कळलीही नाही. लहान आतड्याच्या टोकापर्यंत बघितलं, तुकडे तपासायला पाठवले. टीबी नाही, क्रोन्स नाही, कोलायटिस नाही. रक्त आतल्या मूळव्याधीचं. एका जागी आतडं बाहेरून दाबल्यासारखं वाटतंय, असं रिपोर्टमध्ये लिहिलंय.

मग एमआरआय. चित्रकक्ष, तुम्ही सांगितलेलं चिठ्ठीवर जसंच्या तसं लिहून घेतलं. तिथल्या तंत्रज्ञ बाईंनी चिठ्ठी वाचली आणि आपणहून इंजेक्शनचं विचारलं. रिपोर्ट: गुदाशय आणि सिग्मॉइडच्या (मोठ्या आतड्याच्या शेवटच्या वळणाच्या) सांध्यावर २.२ सेंटीमीटरची गाठ, स्नायूच्या थरात गेलेली, अस्तर मोकळं. डावा अंडाशय मागे चिकटलेला. दोन्ही मूत्रवाहिन्या मोकळ्या. शेवटची ओळ मी आधी वाचली.

स्त्रीरोगतज्ज्ञांसमोर फिल्म ठेवली. त्यांनी बराच वेळ बघितली आणि स्वतःच म्हणाल्या, "बरं झालं आधी काढलात. हे मी एकटीनं करायचं काम नाही." मला त्यांच्याबद्दल फार आदर वाटला. आता लगेच मूल नको असल्यानं डायनोजेस्ट ही हार्मोनची गोळी सुरू केलीये, रोज २ मिलिग्रॅम. गोळीनं गाठ नाहीशी होणार नाही, दुखणं आटोक्यात आलं तर ऑपरेशनची घाई नाही, नाही आलं किंवा आतडं अरुंद व्हायला लागलं तर दोन्ही सर्जन असतील तिथंच करायचं, असं ठरलंय. पहिल्या महिन्यात मधूनमधून डाग पडतायत, ते होतं म्हणाल्या. रक्तवाढीच्या गोळ्याही चालू आहेत.

अकलूजच्या ताई, तुमचं लिहिलेलं सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या गप्प बसल्या. नंतर रात्री भांडी घासताना म्हणाल्या, "आमच्या वेळी राख टाकलेल्या पाटीजवळ जाऊन बसायचो दिवसभर, कुणाला काय सांगणार?" दुसऱ्या दिवशी एमआरआयचे पैसे त्यांनीच पदराच्या गाठीतून काढून दिले.

उजनी, तुमचे प्रश्न वहीत उतरवून घेतलेत. शनिवारी पुण्याची वेळ मिळालीये, दोन्ही सर्जन एकत्र भेटणार आहेत. सकाळच्या हुतात्मानं निघतोय, नवरा सोबत आत येणार आहे. सीडी, कोलोनोस्कोपीचा रिपोर्ट आणि कालनिर्णयची आठ पानं पिशवीत भरून ठेवलीत.